लूप कधी सोडायचा?

शनिवारी लॅपटॉपला ‘माशिने’ नावाचा डबा जोडला की मी सोमवारपर्यंत माणसांत नसतो! नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सने २००९ साली हे प्रकरण पहिल्यांदा आणलं. १६ पॅड, त्यांवर बोटं आपटायची. बाकी काम सॉफ्टवेअरचं. गाण्यातला तुकडा निवडून लूप लावला की तो फिरत राहतो. १२०च्या टेम्पोला केरव्याची दोन आवर्तनं म्हणजे १६ मात्रा, बरोब्बर ८ सेकंद. हजाराव्या फेरीलाही ८च.

आता आमच्याकडचं ऐका. मी आंबेगावचा. शेजारच्या जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. फडातला ढोलकीवालाही लूपच वाजवतो की! फक्त किती फेऱ्या, ते आधी ठरलेलं नसतं. नाचणारीचं पाऊल आणि पब्लिकच्या शिट्ट्या बघून तो वाढवत नेतो, आणि तिच्या एका नजरेवर समेला सोडतो.

माझ्या चुलत आजोबांची बोटं आता वळत नाहीत. त्यांच्या जुन्या कॅसेटमधली ढोलकी तुकड्या-तुकड्याने मी पॅडवर चढवतोय. ऐकून म्हणाले, "वाजतंय झ्याक. पण बघतंय कुणाकडं?"

म्हणून आता फेऱ्या मोजून लावत नाही. आजोबा समोर बसतात. त्यांनी मान हलवली की मी पुढच्या सीनचं पॅड दाबतो. चालू आवर्तन पुरं होतं आणि गाणं पुढे सरकतं. ढोलकी अजून त्यांचीच आहे.