धुराचा वास

आमच्या भीमपूरच्या घरात दारूचं नाव काढायचं नाही. हा नियम मायनं केला, वडील गेले त्या वर्षी. बोलून कधी दाखवला नाही, पण सोयऱ्याधायऱ्यांत सगळ्यांना ठाऊक होता. वरातीतला कोणी "घेऊन" आलाय असं दिसलं की त्याचं ताट बाहेर ओसरीवर जायचं.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी : आदिलाबाद जिल्हा, तेलंगणा. 2016 साली तामसीतून वेगळं होऊन भीमपूर मंडळ झालं. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. सरकारी कागद तेलुगूत, घरात मराठी, जंगलाकडच्या गुड्यांमध्ये गोंडी आणि कोलामी. टिपेश्वरचे वाघ नदी ओलांडून येतात, त्यांना सीमा कळत नाही. आम्हालाही फारशी कळत नाही.

तर 2017 च्या दिवाळीत पुतण्या एडिनबर्गहून आला आणि रात्री गच्चीवर त्यानं पिशवीतून बाटली काढली. "काका, एकदाच चाखून पहा. पिऊ नका, चाखा." मी तेव्हा छप्पन्न वर्षांचा. तोवर एक थेंब घेतला नव्हता. भीती वाटायची, दुसरं काही नाही. आमच्या बापाचं रक्त आपल्यात आहे, ही भीती.

स्कापा ग्लान्सा असं बाटलीचं नाव. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, तिथली. पोरगं उत्साहानं सांगायला लागलं. दलदलीत हजारो वर्षं कुजलेल्या शेवाळाचे, झाडपाल्याचे थर साचतात, त्याला पीट म्हणतात. विटांसारखे तुकडे कापून, वाळवून जाळायचे आणि त्या धुरावर मोड आलेलं सातू सुकवायचं. म्हणजे दारूला धुराचा वास येतो. पण या दारूच्या सातूला धूर लावलेलाच नाही. ती आधी अमेरिकन ओकच्या पिंपात मुरली, आणि शेवटी अशा पिंपात ठेवली ज्यात पूर्वी दुसरी, भरपूर धुराची व्हिस्की होती. ती केव्हाच काढून घेतलेली. लाकडात जेवढा धूर उरला तेवढाच हिला लागला.

मी म्हटलं, "म्हणजे लोणच्याच्या बरणीत तेल ठेवल्यासारखं."

"बरोब्बर!"

त्यानं बोटभर ओतली, वर चमचाभर पाणी. नाकाशी नेली तर आधी गोडसर वास, पिकल्या पेरूसारखा. जिभेवर मधाचा गोडवा, मग झणका. आणि गिळल्यावर, अगदी शेवटी, घशाच्या मागे धूर. हलकाच. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगं भाजून केलेल्या भरताचा असतो ना, तसा. मायच्या चुलीवर उतू जाताजाता धूर लागलेल्या दुधाचा. मला वाटलं होतं बापाचा वास येईल.

बापाचा वास मोहाचा होता. आंबूस, उग्र. तेलुगूत इप्पासारा म्हणतात. इथे एक सांगितलं पाहिजे, कारण आपली माणसं उगाच गोंडांवर ढकलतात. चैतात पहाटे मोहाची फुलं गळतात, वेचून सुकवतात, भिजत घालून गाळतात. पण गोंडांच्या घरी पहिली धार देवाला, पूर्वजांना. बाबांच्या पिण्यात देव नव्हता. कापूस विकून आले की पैसे आधी तिकडे जायचे. पिण्याचा पेला मायनं वेगळा केला होता. लग्नातल्या भांड्यांपैकी, नाव कोरलेला. राखेनं घासून गोठ्याच्या कोनाड्यात पालथा ठेवायची. घरातल्या भांड्यांत कधी मिसळू दिला नाही. लिव्हर गेलं, मग बाबाही गेले. 1991. पेला कुठं गेला कोण जाणे.

हे सगळं आठवत बसलो होतो तर जिन्यात काठी वाजली. माय. ऐंशीच्या वरचं वय, एरवी गच्चीवर येत नाही. पोरानं बाटली लपवायचा प्रयत्न केला.

"राहू दे. आन इकडं."

ग्लास तिनं हातात घेतला. डोळे मिटून हुंगला. बराच वेळ.

"वास तं चुलीचा हाये."

"हो माय."

"मंग तुह्या बापाले घरची चूल काऊन गोड नाही लागली?"

पुतण्या माझ्याकडं पाहत राहिला. त्याला आजोबा आठवतच नाहीत, जन्माच्या आधी गेलेले. मायनं ग्लास परत माझ्याच हातात दिला, "संपव" म्हणाली नाही, "टाकून दे" म्हणाली नाही, आणि एकेक पायरी मोजत खाली गेली. उरलेले दोन घोट मी प्यायलो. खरं सांगतो, चव चांगली होती.

बाटली पोरानं परत नेली. सकाळी चहाच्या वेळी तो ग्लास कुठं दिसेना. गोठ्याकडं गेलो तर कोनाड्यात होता, राखेनं घासलेला, पालथा.