सुरकुतीची परीक्षा

आमच्या आजीच्या कपाळावरच्या रेघा कधी कोणी मोजल्या नाहीत, की त्या बुजवाव्यात असेही कोणाला वाटले नाही. पण काळ बदलला. माझी मावसबहीण पस्तिशीची आहे. नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत उतरलेल्या दोन रेघा तिला आरशात छळतात. "मी फिलर टोचून घेणार," असे तिने दिवाळीत जाहीर केले आणि घरात दोन तट पडले. मावशी म्हणाली, "देवाने दिलेल्या चेहऱ्यात काय कमी आहे गं?" मला मात्र वेगळाच प्रश्न पडला: हे जे टोचायचे, ते कोणी, कसे आणि किती दिवस तपासले?

व्हिएन्नाचे शल्यवैद्य रॉबर्ट गेरसुनी यांनी १८९९ मध्ये शरीरातील उणीव भरून काढण्यासाठी व्हॅसलिन टोचले. पाठोपाठ पॅराफिन, म्हणजे चक्क मेण, आले. टोचायला सोपे आणि परिणाम तत्काळ! ग्लॅडिस डीकन ही त्या काळची विख्यात सौंदर्यवती. ग्रीक पुतळ्यासारखे सरळ नाक हवे म्हणून तिने ऐन बाविशीत नाकात ते भरून घेतले. पुढे मेण जागचे हलले, खाली हनुवटीकडे उतरले आणि तो चेहरा कायमचा विद्रूप झाला. पहिल्याच दिवशी परीक्षा घेतली असती, तर हे पॅराफिन पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले असते!

खरा परीक्षक काळ. अमेरिकेत १९८१ मध्ये गाईच्या कातड्यातून काढलेल्या कोलॅजेनला मान्यता मिळाली. पण ते चेहऱ्यात भरण्याआधी थोडेसे हातावर टोचून चार आठवडे थांबावे लागे. शंभरात सुमारे तिघांना ते सोसत नसे. पुढे हायलुरॉनिक आम्लाचे जेल आले. ते निर्जंतुक आहे का, पेशींना बाधते का, बारीक सुईतून नीट उतरते का, हे सारे आधी पाहतात. मग माणसांची पाळी. २००३ मध्ये तिथे मान्यता मिळालेल्या अशा एका जेलची चाचणी १३८ जणांवर झाली. एका गालाच्या रेघेत नवे जेल, दुसऱ्या गालाच्या रेघेत जुने कोलॅजेन. आणि कोणत्या बाजूला काय, हे गुण देणाऱ्याला ठाऊक नाही. आपण उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बैठक क्रमांक लिहितो, तसलाच हा प्रकार!

गंमत अशी, की या जेलचा मोठा गुण म्हणजे ते टिकत नाही. काही महिन्यांत शरीर ते जिरवते. बिघडलेच तर हायलुरोनिडेज नावाचे विकर टोचून विरघळवता येते. मेणाला परतीची वाट नव्हती.

तरीही एक परीक्षा उरतेच. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते. जेलचे प्रमाणपत्र डब्यावर असते, हाताचे नसते. शिवाय रोग्याला औषध देताना पारड्यात रोग असतो. इथे पारड्यात आहे ती नुसती एक रेघ! मग तपासणी अधिक कडक नको का?

ताईला मी एवढेच सांगितले, की भाव नंतर विचार. आधी डब्यावरचे नाव वाच, टोचणारा कोण ते पाहा, आणि विरघळवण्याचे औषध कपाटात आहे का ते विचार. तिने तिन्ही प्रश्न कागदावर उतरून घेतले. टोचायचे की नाही, ते अजून ठरलेले नाही.