कोंबडा कोणता ठेवायचा?

अंड्यांसाठी कोंबड्या पाळणं फारसं अवघड नाही. डोकं खातात ते कोंबडे.

कुडाळजवळ आमच्या परसात गावठी कोंबड्या आहेत. खुडूक कोंबडी बसवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटतात. आठवड्याची झाली की डोळ्यात लासोटा लशीचा थेंब, म्हणजे मानमोडीची धास्ती कमी. घार आणि मुंगूस यांच्यापासून वाचवायला पहिले काही आठवडे डालग्याखाली. इथवर सगळं ठरलेलं. दीड-दोन महिन्यांनी काहींचे तुरे लाल व्हायला लागतात आणि खरा हिशेब सुरू होतो. साधारण निम्मे नर निघतात, आणि आठ-दहा कोंबड्यांना कोंबडा पुरतो एक. अंडी तर त्याच्याशिवायही मिळतात. तो हवा पिल्लांसाठी आणि राखणीसाठी.

जास्तीचे कोंबडे ठेवले तर काय होतं, ते कोंबड्यांच्या पाठीवर दिसतं. सगळे एखाद्या कोंबडीवरच चढतात, पिसं झडून उघडी कातडी दिसायला लागते, भेदरलेली कोंबडी खुराड्यातून बाहेर पडत नाही आणि अंडीही कमी होतात. म्हणून निवड वेळेवर करावी लागते.

मी आधी रंग आणि तुरा बघायचे. सासूबाई बघायच्या वागणं. त्यांचं म्हणणं एवढंच, ‘‘जो एकटो खाता तो कापूचो, जो बोलावता तो ठेवचो.’’

यंदाच्या तिघांची परीक्षा त्यांनी वाळवीवर घेतली. गोठ्यामागचा कुजका वासा फोडून वाळवीचा ढीग अंगणात ओतला. तांबड्याने मान खाली घातली ती वर काढलीच नाही. दुसरा तांबड्याशी भांडत बसला. तिसरा कबरा, अंगाने किरकोळ. त्याने चोचीत वाळवी उचलली, खाली टाकली, पुन्हा उचलली, पुन्हा टाकली, आणि सोबत घाईघाईने कुटकुट चालूच. तलंगा धावत आल्या. त्या खात होत्या तेव्हा हा बाजूला मान तिरकी करून, एक डोळा आभाळाकडे लावून उभा. निकाल लागला.

घार दिसली की तो लांबट, बारीक ओरडतो आणि सगळ्या जणी करवंदीच्या जाळीत घुसतात. कुत्रा किंवा मुंगूस आलं तर आवाज वेगळा, तुटक आणि मोठा. तेव्हा कोंबड्या माना ताणून बघतात, उंचावर उडतात. कोणत्या हाकेला लपायचं आणि कोणत्या हाकेला उडायचं, हे त्यांना बरोबर कळतं.

असा कोंबडाही कायमचा ठेवता येत नाही. त्याच्याच लेकी मोठ्या झाल्या की पुढची पिल्लं कमजोर निघायची भीती. मग दुसऱ्या गावातल्या ओळखीच्यांशी अदलाबदल करायची. नवा कोंबडा रात्री, सगळ्या दांड्यावर बसल्यावर खुराड्यात सोडायचा; अंधारात गोंधळ कमी होतो. आणि त्यानंतर तीनेक आठवडे अंडी उबवायला ठेवायची नाहीत, कारण आधीच्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. ती अंडी खुशाल पोळ्याला वापरावीत.

उरलेल्या कोंबड्यांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. राखणदाराला, म्हणजे जागेच्या रक्षक देवाला, कोंबड्याची राखण द्यायची असली की लोक दारात येतात. तुरा, शेपटी, रंग निरखून बघतात. कुणाला तांबडाच हवा असतो. देखण्याला पैसे चांगले येतात आणि त्यात कणी-कोंड्याचा खर्च निघतो. त्यामुळे आमच्या घरचे देखणे कोंबडे नेहमी बाहेर जातात आणि घरात राहतो तो किरकोळ. पाहुणे विचारतात, ‘‘हाच ठेवलात?’’ सासूबाई काही बोलत नाहीत. मूठभर तांदूळ टाकतात आणि पाहुण्यांना बघत राहायला सांगतात.