उपाध्यक्ष पाहिजे

‘उप’ हा मराठीतला सर्वांत सोशिक उपसर्ग आहे. उपवास म्हणजे खायला नाही, उपनगर म्हणजे पाणी नाही आणि उपाध्यक्ष म्हणजे काम नाही. त्यातून आम्ही पनवेलकर तर जन्माचेच ‘उप’. आमची नगरपालिका १८५२ सालची, पण बाहेरच्या माणसाला विचारा, तो म्हणणार, “पनवेल ना? कोकणात जाताना एस.टी. थांबते तिथं!” म्हणजे लोकांच्या लेखी आमचं गाव हे गाव नसून थांबा. २०१६ साली महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. तरी मुंबईचा पाहुणा चपला काढताकाढता विचारतोच, “इतक्या लांब कसे राहता हो?” तेव्हा दुसऱ्या नंबरावर बसण्याचं शास्त्र आम्हांला कुणी शिकवू नये.

हे शास्त्र मी शिकलो आमच्या आळीतल्या गणेशोत्सव मंडळात. तिथं अध्यक्ष निवडायला पाच मिनिटं लागतात. जो जास्त वर्गणी देतो, तो अध्यक्ष. सभा रंगते ती उपाध्यक्षावर. अध्यक्ष आळीच्या वरच्या टोकाचे, म्हणून हा खालच्या टोकाचा पाहिजे. ते वयस्कर, म्हणून हा तरुण पाहिजे. ते बोलत नाहीत, म्हणून याला बोलता आलं पाहिजे. पण फार चांगलं बोलता कामा नये, नाहीतर लोक त्याचंच ऐकतील. त्यात त्याच्या मेहुण्याचा मांडवाचा धंदा असला, तर सोन्याहून पिवळं. एकदा एका नवख्या सभासदानं विचारलं, “पण त्यांना काम जमेल का?” सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले, की जणू त्यानं मागच्या वर्षीचा हिशेबच मागितला!

मला वाटायचं, हा फक्त आमच्या आळीचा गुण. पण अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपला जोडीदार निवडतो, तो नेमका याच पद्धतीनं. १९६० साली केनेडी उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्सचे, म्हणून जोडीला दक्षिणेकडच्या टेक्ससचे जॉन्सन. केनेडी तरुण, तर जॉन्सन सिनेटमध्ये मुरलेले. वरचं टोक, खालचं टोक! फक्त मेहुण्याच्या मांडवाचा उल्लेख कुठं सापडत नाही.

सुरुवातीला तर त्यांच्याकडे आणखी गंमत होती. ज्याला सर्वांत जास्त मतं तो अध्यक्ष आणि दुसरा येईल तो उपाध्यक्ष. त्यामुळे १७९६ साली ॲडम्स अध्यक्ष झाले आणि विरुद्ध पक्षाचे जेफर्सन त्यांचे उपाध्यक्ष. म्हणजे ज्याला पाडायचं, त्यालाच शेजारची खुर्ची द्यायची! पुढच्या खेपेला जेफर्सन आणि त्यांच्याच पक्षाचे बर या दोघांना सारखीच, त्र्याहत्तर-त्र्याहत्तर मतं पडली. बर यांना उभं केलं होतं दुसऱ्या जागेसाठी, पण पहिली खुर्ची समोर दिसल्यावर मागं कोण सरतो? प्रतिनिधिगृहात छत्तीस वेळा मतदान घ्यावं लागलं, तेव्हा कुठं जेफर्सन निवडून आले. शेवटी १८०४ साली घटना दुरुस्त करून दोन्ही पदांची मतं वेगळी केली.

आपल्याकडे ही भानगड नाही. आपले राष्ट्रपती उपराष्ट्रपती निवडत नाहीत. ते काम संसदेचे खासदार करतात. २०२५ साली त्यांनी निवडलेले सी. पी. राधाकृष्णन तर आपल्याच राजभवनातून गेले. तोवर ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. उपराष्ट्रपतींना त्या पदाचा म्हणून पगारच नसतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्यांना पगार मिळतो तो राज्यसभेचे सभापती म्हणून. उपमुख्यमंत्र्यांची गोष्ट त्याहून न्यारी. ते पद राज्यघटनेत शोधून सापडत नाही. पण १९७८ साली दोन काँग्रेसनी मिळून सरकार बनवलं, वसंतदादा मुख्यमंत्री झाले, दुसऱ्या काँग्रेसलाही काहीतरी द्यायला हवं होतं. म्हणून नाशिकराव तिरपुडे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री झाले. सरकार जुलैतच पडलं. पद मात्र टिकलं.

आता वाचक म्हणतील, बिनकामाच्या खुर्चीवर कुणीही बसला तर आपलं काय जातं? जातं हो! राष्ट्रपती झाकीर हुसेन १९६९ साली पदावर असतानाच वारले आणि उपराष्ट्रपती गिरी यांना कारभार हाती घ्यावा लागला. १९७७ साली फक्रुद्दीन अली अहमद गेले, तेव्हा बी. डी. जत्तींवर तीच वेळ आली. अमेरिकेचे तर आठ अध्यक्ष पदावर असताना गेले. १९४४ साली रूझवेल्ट चौथ्यांदा उभे होते, तब्येत खालावलेली. तेव्हाचे उपाध्यक्ष वॉलेस पक्षातल्या पुढाऱ्यांना नको होते, म्हणून कुणालाच फारसे न खुपणारे ट्रूमन पुढं केले गेले. ब्याऐंशी दिवस ते उपाध्यक्ष होते. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट वारले आणि ट्रूमन अध्यक्ष झाले. आपला देश अणुबाँब बनवतोय, हे त्यांना नीट कळलं ते त्यानंतर. आणि तो टाकायचा की नाही, हे ठरवायची पाळी त्यांच्यावरच आली! ऑगस्टात हिरोशिमा आणि नागासाकी झालं. दुसरा कुणी असता तर काय झालं असतं, ते देव जाणे. पण ‘हा सगळ्यांना चालेल’ म्हणून निवडलेल्या माणसाच्या टेबलावर पुढं काय येऊन पडेल, याचा विचार त्या सभेत किती जणांनी केला असेल?

यावर माझ्याकडे एक पनवेली तोडगा आहे. मे महिन्यात आमच्याकडची बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं कोकणात गावी निघतात. तेव्हा घराची किल्ली कुणाकडे ठेवतात? ज्याच्या पाठीशी शंभर मतं आहेत त्याच्याकडे? भाषण ठोकणाऱ्याकडे? छे! जो तुळशीला पाणी घालील, दूधवाल्याला बंद करायला सांगील आणि रात्री नळ फुटला तर कुणाची वाट न बघता कॉक बंद करील, त्याच्याकडे. तिथं आपण जात बघत नाही, वरचं-खालचं टोक बघत नाही आणि कुणाचा रुसवा काढायला म्हणूनही किल्ली देत नाही.

तेव्हा आळीच्या मंडळापासून व्हाइट हाउसपर्यंत प्रत्येक अध्यक्षाला एवढंच विचारावं: “गावी जाताना याच्याकडे किल्ली ठेवाल का?” उत्तर द्यायला तो जरा जरी घुटमळला, तर दुसरा माणूस बघा. मांडव काय हो, भाड्यानं कुठंही मिळतो!