पडद्याची गती आणि आमची मती

मनुष्य दुसऱ्याची चूक प्रथम शोधतो आणि स्वतःची सर्वांत शेवटी, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. या वचनाची प्रचीती आम्हा दोघा भावांना गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत एका मॉनिटरच्या निमित्ताने आली. प्रसंग लहानसा आहे. परंतु त्यात थोडे ज्ञान आहे आणि थोडी लाजही आहे. म्हणून तो आमच्या शाळासोबत्यांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

आमच्या घरी एक संगणक आहे. त्यावर आम्ही अभ्यास करतो आणि रविवारी, बाबांच्या अनुज्ञेने, दोन तास खेळतो. आमचा आवडता खेळ म्हणजे 2015 साली निघालेला 'रॉकेट लीग'. मोटारींनी एक प्रचंड चेंडू ढकलीत तो प्रतिपक्षाच्या जाळ्यात लोटावयाचा, असा हा खेळ. एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघांना एकाच वेळी खेळता येते, म्हणून घरात भांडण होत नाही. मात्र आमचा जुना पडदा सेकंदाला साठच वेळा चित्र बदलणारा होता. चेंडू वेगाने आला की तो सरकत येण्याऐवजी उड्या मारीत आल्यासारखा भासे. एका मित्राच्या घरी 144 हर्ट्झचा पडदा पाहिल्यापासून तर आमचा जीव जुन्या पडद्यात रमेना.

वर्षभर साठविलेले वाढदिवसांचे व दिवाळीचे पैसे मोजले, तेव्हा सात हजार भरले. अकरा हजारांत चार हजार उणे पडत होते. ते बाबांनी घातले. स्कूटरचे दोन्ही टायर बदलण्यासाठी त्यांनी ते बाजूला ठेवले होते, हे आम्हांस ठाऊक होते. "पावसाळ्यापर्यंत चालतील ते टायर," एवढेच ते म्हणाले.

मॉनिटर आला. त्या उतावळेपणात आम्ही खोक्यातील माहितीपुस्तिका बाजूला सारली, सोबत आलेली नवी केबल आखूड आहे असे पाहून तशीच ठेवून दिली, आणि जुन्या पडद्याची लांब केबल नव्याला लावून खेळ सुरू केला. पाहतो तो काय! चेंडू पूर्वीइतकाच अडखळत येत होता. तासभर खेळलो, डोळे चोळले, पुन्हा पाहिले. काडीचाही फरक नव्हता. अकरा हजार रुपये आणि दोन टायर आम्हांला समोर बुडताना दिसू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तडक दुकान गाठले. दुकानदारकाका वयाने आमच्या आजोबांच्या जवळपासचे. दुकानात तीन-चार गिऱ्हाइके होती. त्यांच्या देखत आम्ही म्हणालो, "खोक्यावर लिहिलेय 144 आणि आत घातलाय 60 चा. लहान मुले पाहून फसवलेत आम्हांला."

काकांचा चेहरा क्षणभर उतरला. पण आवाज न चढविता ते म्हणाले, "बाळांनो, पटत नसेल तर सात दिवसांत परत आणा, सगळे पैसे देईन. फक्त आणण्याआधी संगणकात किती हर्ट्झ ठेवलेत, तेवढे एकदा पाहा."

हे उत्तर आम्हांला टाळाटाळीचे वाटले. आम्ही तोऱ्यातच घरी परतलो. तरीही त्यांचे शब्द कानांत राहिले होते. पुरावा गोळा करावा, या हेतूने का होईना, आम्ही तपासास बसलो.

प्रथम हर्ट्झ म्हणजे काय, हेच आम्ही नीट समजून घेतले. हाइनरिख हर्ट्झ (1857–1894) या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून हे परिमाण आले. एका सेकंदात एखादी गोष्ट जितक्या वेळा घडते, तितके हर्ट्झ. 60 हर्ट्झचा पडदा दर 16.7 सहस्रांश सेकंदाला नवे चित्र दाखवितो. 144 हर्ट्झचा दर 6.9 सहस्रांश सेकंदाला. डोळ्यांना फसवून हालचाल दाखविण्याची ही विद्या जुनीच आहे. दादासाहेब फाळके यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आणला, तो मूकपटांचा काळ. पुढे बोलपटांसाठी सेकंदाला 24 चित्रे हे मान रूढ झाले. आणि पडदा लुकलुकू नये म्हणून यंत्रातील झडप प्रत्येक चित्र दोनदा उजळू लागली. आपल्याकडील टेलिव्हिजनचे मान घरातील 50 हर्ट्झच्या विजेशी जुळवून सेकंदाला 25 चित्रांचे ठरले. काचेच्या नळीचे जुने मॉनिटर 60 हर्ट्झवर डोळ्यांना लुकलुकताना जाणवत, म्हणून पुष्कळजण ते 75 किंवा 85 वर ठेवीत. आजचे सपाट पडदे एक चित्र दुसरे येईपर्यंत धरून ठेवतात. त्यामुळे ते लुकलुकत नाहीत. परंतु याच कारणाने गती कमी असल्याचे चटकन कळतही नाही. खोट डोळ्यांना खुपत नाही, फक्त वेगवान वस्तू पुसट व अडखळती दिसते.

आणखी एक भेद आमच्या ध्यानी आला. संगणक चित्रे काढतो ती गती निराळी आणि पडदा ती दाखवितो ती गती निराळी. लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घ्यावे. आत आचारी भराभर पुऱ्या तळीत असेल, पण वाढपी संथ असेल, तर पाने रिकामीच राहतात. उलट वाढपी चपळ आणि आचारी मंद असला, तरी परिणाम तोच. खेळ सुरळीत दिसावयाचा तर दोघेही तत्पर हवेत. आमचा आचारी, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, या खेळापुरता तरी समर्थ होता. तेव्हा वाढप्याकडे पाहणे प्राप्त होते.

विंडोज 11 मध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'डिस्प्ले' आणि शेवटी 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' असे पायरीपायरीने उतरलो. तेथे रिफ्रेश रेट लिहिला होता 60. निवडीची यादी उघडली, तर तीत 60 च्या वरचा आकडाच नव्हता. आम्ही विजयाने एकमेकांकडे पाहिले. पुरावा हाती आला होता!

तेवढ्यात समोरच्या टेलिव्हिजनवर आमचीच खिडकी उघडलेली दिसली आणि आम्ही चपापलो. आजीला सायंकाळी संगणकावरून कीर्तन लावून देता यावे, म्हणून तोच संगणक आम्ही त्या जुन्या टेलिव्हिजनलाही जोडला होता. दोन्हीकडे एकच चित्र उमटविणारी 'डुप्लिकेट' ही रीत त्यासाठी निवडलेली होती. दोन बैल एका जुवाला जुंपले की चाल मंद बैलाचीच राहावयाची. टेलिव्हिजन 60 चा. म्हणून नवा मॉनिटरही 60 चा झाला होता. विंडोजची कळ व पी हे अक्षर एकदम दाबून आम्ही 'डुप्लिकेट'च्या जागी 'एक्स्टेंड' निवडले, त्यामुळे प्रत्येक पडदा आपापल्या चालीने मोकळा झाला. पुन्हा यादी उघडली. आता तीत 120 हा आकडा होता. पण 144 नव्हता.

मग मात्र खोक्यातील पुस्तिका काढली. तिच्या चौथ्याच पानावर स्पष्ट छापले होते: एचडीएमआयच्या खाचेतून 120 पर्यंत, डिस्प्लेपोर्टच्या खाचेतून 144 पर्यंत. आम्ही जोडलेली लांब केबल एचडीएमआयची होती. आखूड म्हणून टाकून दिलेली नवी केबल डिस्प्लेपोर्टची होती. संगणकाची पेटी मेजाखालून मेजावर घेतली, तेव्हा ती केबल सहज पुरली. एक टोक मॉनिटरला आणि दुसरे ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत खोचले. यादीत 144 उमटले. ते निवडले.

एवढे होऊनही खेळ सुरू केला तर चेंडू तसाच! क्षणभर पुन्हा दुकानदाराचा संशय मनात डोकावला, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. पण आता आम्ही थोडे शहाणे झालो होतो. खेळातील चित्रसंख्येचा आकडा पडद्यावर दाखविण्याची सोय चालू केली, तर तो 60 वर खिळल्यासारखा उभा. खेळाच्या स्वतःच्या 'व्हिडिओ' विभागात चित्रांची कमाल मर्यादा 60 अशी ठेवलेली सापडली. जुन्या पडद्याच्या दिवसांत संगणक फार तापतो म्हणून ती आम्हीच घातली होती आणि साफ विसरलो होतो. वाढपी चपळ झाला. आता आचाऱ्याचे हात आम्हीच बांधून ठेवले होते. मर्यादा 144 केली. खेळ पूर्ण पडद्यावर चालताना स्वतःचाही रिफ्रेश रेट धरू शकतो, हे त्याच ओघात कळले, म्हणून तेही पाहून घेतले.

'व्ही-सिंक' नावाची एक कळही तेथेच होती. पडदा एक चित्र रेखाटीत असतानाच दुसरे आले, तर वरचा भाग जुना व खालचा नवा असे फाटके चित्र दिसते. हे टाळण्यासाठी व्ही-सिंक पुढचे चित्र पडद्याच्या ठोक्यापर्यंत थांबवून धरते. पण संगणकाला तो ठोका गाठता आला नाही, तर काही खेळांत 144 ची गती एकदम निम्मी, म्हणजे 72 होऊ शकते. आम्ही दोन्ही रीती करून पाहिल्या आणि आमच्या डोळ्यांना रुचली ती ठेवली.

आता चेंडू आला तो तेलाच्या धारेसारखा. आम्ही इतक्या मोठ्याने ओरडलो की आजी आतून बाहेर आली. फरक तिला कसा दाखवावा? आम्ही माउसचा बाण पडद्यावर गोलगोल वेगाने फिरविला. आधी 60 वर आणि मग 144 वर. बाण फिरतो तेव्हा त्याच्या अनेक प्रतिमा मागे राहिल्याशा दिसतात. आजी चष्मा सावरून पाहत राहिली आणि म्हणाली, "आधी माळेतले मणी विरळ होते, आता माळ दाट ओवल्यासारखी वाटते." तासभराच्या वाचनाने आम्हांला जे कळले, ते तिने एका जपमाळेत सांगितले.

रात्री बाबा घरी आले. त्यांनी खेळ पाहिला, आनंदले, आणि सहज विचारले, "मग दुकानात जाऊन काय झाले?" आम्ही सारे सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चोर म्हणालात ते चारचौघांत. आता क्षमा मागायची तीही चारचौघांतच."

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. दुकान रिकामे असताना हळूच जाऊन यावे, असे वाटत होते. परंतु बाबांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते. सायंकाळच्या गर्दीच्या वेळीच आम्ही गेलो. काका एका गिऱ्हाइकाला काही दाखवीत होते. घसा कोरडा पडला होता, तरी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात आम्ही म्हणालो, "काका, मॉनिटर चांगला आहे. चूक तिन्ही ठिकाणी आमचीच होती. काल बोललो ते खोटे होते. आम्हांला क्षमा करा."

काकांनी आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "तिन्ही ठिकाणी म्हणजे?" आम्ही टेलिव्हिजन, केबल आणि खेळातील मर्यादा अशी तिन्हींची हकीकत सांगितली. ते हसले. म्हणाले, "महिन्यातून दोघे-तिघे तरी हेच भांडण घेऊन येतात. समजावता समजावता माझा घसा बसतो. हे सारे सोप्या मराठीत एका कागदावर लिहून द्याल का? भिंतीवर लावतो."

आम्ही घरी येऊन सुवाच्य अक्षरांत लिहिले: "पडदा मंद वाटल्यास प्रथम संगणकातील रिफ्रेश रेट पाहा. दुसरा पडदा जोडलेला असल्यास 'डुप्लिकेट' बंद करा. केबल व खाच पुस्तिकेशी ताडून पाहा. केबल ग्राफिक्स कार्डालाच जोडा. लॅपटॉप असल्यास बॅटरी वाचविण्यासाठी गती उतरली नाही ना, ते पाहा. शेवटी खेळातील मर्यादा तपासा." खाली एक ओळ आमच्या मनाची घातली: "आणि हे सारे झाल्यावरच दुकानात या."

तो कागद काकांनी गल्ल्यामागच्या भिंतीवर लावला. पावसाळ्यापूर्वी स्कूटरचे टायरही बदलले गेले. त्यासाठी आम्ही सुट्टीत दोन लहान मुलांना गणित शिकवून मिळालेले पैसे दिले. खेळात आमची सरशी पूर्वीपेक्षा फारशी होते असे नाही. चेंडू आता स्पष्ट दिसतो, आणि चुकला तर पडद्याला दोष देण्याची सोय उरलेली नाही.