आबाजींचा ऑक्सिजन

मेसमध्ये जेवताना एक प्रश्न टाकून बघा, ऑक्सिजन जळतो का? बरेच जण छातीठोकपणे 'हो' म्हणतील. खरं तर तो स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जळायला मदत करतो. केमिस्ट्रीच्या पुस्तकातलं हे वाक्य मला खऱ्या अर्थानं कळलं ते अकोल्याला, आमच्या घरी.

आबाजींनी सारी नोकरी जिनिंगमध्ये काढली, वर चाळीस वर्षं बिडी. शेवटी फुप्फुसांनी हात टेकले. डॉक्टरांनी सीओपीडी सांगितला आणि घरीच ऑक्सिजन सुरू केला. मिनिटाला दोन लिटर, दिवसातून निदान पंधरा तास. कॉन्सन्ट्रेटर आला आणि लाईन गेली तर जवळ असावा म्हणून एक छोटा सिलिंडर. मी शनिवारी अमरावतीहून घरी जातो. घरातला 'इंजिनिअर' मीच, म्हणून हे खातं आपोआप माझ्याकडे आलं.

मशीन समजायला सोपी. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. मशीन हवा दाबून झिओलाइटमधून सोडते, तिथं नायट्रोजन अडकतो आणि नळीतून ९० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन येतो. सिलिंडरचं गणितही सोपं. भरलेल्यात साधारण १५०० लिटर, म्हणजे दोन लिटरनं साडेबारा तास. त्याची चावी हळूहळू उघडायची आणि तिला तेल किंवा ग्रीस कधीच लावायचं नाही, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आपणहून पेट घेऊ शकतं.

कठीण होती ती माणसं! आबाजींच्या उशाशीच देवघर. दिवा, उदबत्ती, कापूर, सगळं तिथंच. मी नको म्हटल्यावर आजी रागावली, "देवापाशी दिवा नाही लावाचा, तं मंग घर कायचं?" तिला मी अपोलो-१ ची गोष्ट सांगितली. २७ जानेवारी १९६७ ला त्या यानाची जमिनीवरच चाचणी चालू होती. केबिनमध्ये शुद्ध ऑक्सिजन भरलेला, आग लागली आणि तिघेही अंतराळवीर गेले. आपल्या खोलीत तेवढा ऑक्सिजन नसतो हे खरं, पण चादर, उशी, सदरा, मिशी यांच्यात तो साचतो. मग एक ठिणगी पुरते. आजी काही बोलली नाही. संध्याकाळी दिवा अंगणात तुळशीपाशी गेला.

दुसरा वाद आबाजींशी. "चारावर कर ना रे पोट्ट्या, लय दम लागून राह्यला." त्यांचंही चूक नाही. २०२१ च्या लाटेत ऑक्सिजनसाठी माणसं कशी धावली, ते सगळ्यांनी पाहिलं. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली, पुरवठा खंडला आणि २२ रुग्ण दगावले. तेव्हापासून जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त जीव, असं मनात बसलंय. पण सीओपीडीच्या काही रुग्णांत जास्त ऑक्सिजननं रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, गुंगी येते, जीवावरही बेततं. म्हणून आबाजींना डॉक्टरांनी ८८ ते ९२ ची मर्यादा दिली आहे. दम लागला की आधी नळी दुमडली का ते बघायचं, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. समोर माणूस धापा टाकत असताना आकडा न वाढवता बसणं किती जड जातं, ते तिथं बसल्यावरच कळतं.

तुमच्याही घरी असं मशीन असेल तर सुट्टीत एवढं बघाच. ते भिंतीला खेटून नको, फिल्टर धुतलेला हवा, बाटलीतलं पाणी उकळून गार केलेलं आणि रोज बदललेलं हवं. नाकाला व्हॅसलीन लावायचं नाही. नळी काढली की मशीन बंद करायची. गॅस, दिवा दहा फुटांच्या आत नको आणि बिडी-सिगारेट तर घरातच नको.

बिडीची तल्लफ आबाजींना अजून येते. पण आता भेटायला कोणी आलं की नाकात नळी घेऊन तेच दारावर दरडावतात, "खिशातली माचिस भाईर ठेव, मंग ये."