पोस्टपोन म्हणजे माफ नव्हे

इंग्रजी शब्द शिकायला शाळेतच जावे लागते, असे आता राहिलेले नाही. पैठण रस्त्यावरचे चितेगावच पाहा. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला कपाशी आणि तूर. घरातला एक मुलगा कंपनीत पाळीला जातो, दुसरा शेतात राबतो. कंपनीतला मुलगा संध्याकाळी सांगतो, ‘मीटिंग पोस्टपोन झाली.’ आठ दिवसांत तोच शब्द आजीच्या तोंडी बसतो. ‘अरे, पाहुण्यांकडं सुतक आहे, साखरपुडा पोस्टपोन करा.’

शब्द घरात आला याचे वाईट वाटायचे कारण नाही. आपला ‘तहकूब’ हा शब्दही असाच परभाषेतून आला आणि ग्रामसभेत पाटावर बसला. मात्र शब्द घेताना त्याचा अर्थ नीट पारखून घ्यावा. बी घेताना पिशवीवरची चिठ्ठी वाचतो, तसेच हे आहे.

पोस्टपोन या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. त्यात दोन तुकडे आहेत. एकाचा अर्थ ‘नंतर’ आणि दुसऱ्याचा अर्थ ‘ठेवणे’. म्हणजे नंतर ठेवणे. टाकून देणे नव्हे, पुसून टाकणे नव्हे. ठेवलेली वस्तू असते तिथेच असते आणि कधीतरी उचलावीच लागते. २०२० साली टोकियोचे ऑलिंपिक पोस्टपोन झाले, ते २०२१ च्या जुलैत भरले. नावसुद्धा ‘टोकियो २०२०’ हेच राहिले. वर्ष सरले, पण काम काही सरले नाही.

नेमके इथेच आपल्या माणसाची फसगत होते. माझ्या तीसेक वर्षांच्या नोकरीत हे मी गावोगाव पाहिले आहे. एका दुष्काळी साली पारावर एक भाऊ मोठ्या आनंदाने म्हणाले, ‘साहेब, बँकेची वसुली पोस्टपोन झाली म्हणे. चला, यंदा सुटलो!’ मी विचारले, ‘भाऊ, सुटलात की थांबलात?’ त्यांच्या मुलाने कागद आणून वाचला. त्यात ‘वसुलीस स्थगिती’ असे होते. कर्ज माफ झाल्याचे कुठे नव्हते आणि व्याज थांबल्याचेही नव्हते. भाऊ गप्प झाले. त्या भरवशावर त्यांनी लग्नाचा खर्च वाढवायचे ठरवले होते, तो बेत त्यांनी घरी जाऊन बदलला.

सरकारी कागदात एकेक शब्द वेगळा असतो. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्या वेळच्या सवलती आठवा. जमीन महसुलात ‘सूट’, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के ‘सूट’, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात ‘माफी’, सहकारी कर्जाचे ‘पुनर्गठन’ आणि शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस ‘स्थगिती’. सूट म्हणजे रक्कम कमी झाली. माफी म्हणजे ती द्यायचीच नाही. पुनर्गठन म्हणजे तेच कर्ज नव्या हप्त्यांत बांधून दिले. आणि स्थगिती म्हणजे आपले पोस्टपोन. सावकार दारात उभा नाही एवढेच, वही मात्र उघडी आहे.

२०२० च्या साथीत रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला कर्जाचे हप्ते लांबवण्याची मुभा दिली. आधी मे अखेरपर्यंत, मग ३१ ऑगस्टपर्यंत. पण शिल्लक रकमेवर व्याज चालूच राहिले. ज्यांनी हे विचारून घेतले त्यांनी जमेल तेवढे भरले. ज्यांनी विचारले नाही, त्यांना पुढचे हप्ते पाहून धक्का बसला. पीककर्जाचेही असेच आहे. वेळेत फेडणाऱ्याला व्याजात सवलत मिळते. ठरलेली तारीख ओलांडली की ती हातची जाते.

ग्रामसभेचे उदाहरण तर रोजच्या पाहण्यातले. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब होते आणि लोक म्हणतात, ‘चला, सभा गेली.’ ती गेलेली नसते. तहकूब सभा पुन्हा भरते आणि त्या वेळी गणपूर्तीची अट नसते. चार डोकी असली तरी विषय मंजूर होतात. मग वर्षभर कुरकुर करून काय उपयोग?

आता कोणी म्हणेल, पुढे ढकलणे नेहमीच वाईट काय? मुळीच नाही. शेतीत थांबण्यालाही मोल आहे. पहिल्या सरीवर चाडे धरू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, असे आम्ही घसा फोडून सांगतो ते याचसाठी. वाफसा येईपर्यंत औत थांबवणे हा शहाणपणाच आहे. कपाशीची लागवड मे महिन्यात न करता जूनमध्ये करा, म्हणजे गुलाबी बोंडअळीला लवकर आसरा मिळत नाही. ही सगळी पोस्टपोनचीच उदाहरणे आहेत, पण त्यांना कारण आहे आणि मर्यादाही आहे. मूग-उडदाची पेरणी ७ जुलैच्या पुढे नेऊ नये आणि कोरडवाहू कपाशी १५ जुलैच्या पुढे. त्यानंतर थांबायचे नसते, पीक बदलायचे असते. बाजरी, तूर, सूर्यफूल, एरंडी यांचा विचार करावा.

याच्या उलट, काही कामे लांबवली की घात होतो. पेरणीनंतरचा पहिला महिना-दीड महिना तणाचा. त्या वेळी खुरपणी ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणालात की खत तण खाते. डिसेंबरनंतर पऱ्हाट्या काढायचे लांबवून फरदड ठेवली की अळीला पुढच्या हंगामापर्यंत सांभाळल्यासारखे होते. आणि माणसाच्या जिवाशी तर चालढकल नकोच. शेतात साप चावला तर मंत्र-उतारा करण्यात वेळ घालवू नका. थेट दवाखाना गाठा.

पोस्टपोनला एक उलटा भाऊही आहे. त्याचे नाव प्रीपोन, म्हणजे काम अलीकडे ओढणे. हा शब्द इंग्रजांपेक्षा आपल्याच देशात जास्त चालतो. शेतकऱ्याने तो जरूर उचलावा. घरचे सोयाबीन पेरायचे असेल तर मे महिन्यातच १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहा. सत्तर किंवा जास्त उगवले तर बी चांगले. हे जूनच्या गर्दीत होत नाही.

तेव्हा ‘पोस्टपोन झाले’ हे शब्द कानी पडले की तीन गोष्टी विचारा. पुढची तारीख कोणती? तोपर्यंत व्याज किंवा दंड चालू आहे का? आणि हे कोणत्या कागदावर लिहिले आहे? तारीख सांगता येत नसेल, तर ते काम नंतर ठेवलेले नाही, नुसते खुंटीला टांगलेले आहे असे समजा. मुदतवाढीचाही असाच हिशेब ठेवा. २०२३ च्या खरिपात पीकविम्याची ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली होती. वाढले ते तीनच दिवस. दर वर्षी वाढेलच असे धरून चालू नये.

मिळालेली तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मोठ्या अक्षरात लिहा आणि ती सांभाळायचे काम घरातल्या बाईकडे द्या. हप्त्याची, लसीकरणाची, शाळेच्या फीची तारीख माउलीच्या ध्यानात राहते, असा माझा अनुभव आहे. २०२० साली पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी.ने पंढरपूरला गेल्या. पण एकादशी तिथीलाच झाली. काय पुढे ठेवायचे आणि काय नाही, हे आपल्या लोकांना चांगले कळते. तेच शहाणपण बँकेच्या आणि कचेरीच्या दारातही सोबत न्या.